दहा किलोचं गाणं

गिरणीत दळण घेऊन आलेल्या माणसाला थांबण्यावाचून इलाज नसतो. हातातला पेपर दोन मिनिटांत पिठाने पांढरा होतो, बसायला धड जागा नसते, मग माणूस करणार काय? बोलतो! सुनेबद्दल, साहेबाबद्दल, शेजारणीच्या नव्या फ्रिजबद्दल. आणि दगड घरघरत असतात म्हणून ओरडून बोलतो. म्हणजे एकाचं गुपित रांगेतल्या चौघांना फुकट! उभी हयात मी फरीदाबादमध्ये गिरणी चालवली. माझ्याकडे किस्से किती साठले असतील, तुम्हीच विचार करा.

पण हल्ली दिल्लीत कुणाकडे लग्ना-बारशाला गेले की लोकांना त्यातलं काहीच नको असतं. "काकू, ते बँडचं सांगा ना!" झालं. ताटातली जिलबी ताटात राहते आणि मी सुरू होते.

आधी माणसं सांगते, नाहीतर मधेच कुणीतरी विचारतं, हा कोण. आमचा नंदू, माझा मुलगा, गिटार वाजवायचा. सॅम साळवे मूळचा नगरचा, वडील सेंट्रल गव्हर्नमेंटमध्ये. तो चार तारांची जाडी गिटार वाजवायचा आणि गाणी लिहायचा. हॅपी आमच्याच गल्लीतला सरदार, त्याच्याकडे ड्रम. आणि विकी, म्हणजे विक्रम जाधव, गायचा. म्हणजे त्याला गाणं म्हणायचं असं या सगळ्यांचं ठरलं होतं. प्रकार हेवी मेटल, भाषा इंग्रजी. नव्वदच्या आसपासची गोष्ट, चौघंही कॉलेजात.

यातल्या विकीचं एवढं ध्यानात ठेवा. त्याचे वडील साताऱ्याकडचे, फौजेत सुभेदार. कुटुंब दिल्ली कँटोन्मेंटमध्ये. बँड सुरू झाला तेव्हा सुभेदारांच्या पेन्शनला दोन उन्हाळे उरले होते. पेन्शन झाली की बाडबिस्तरा बांधून सगळे गावी, आणि विकी भरतीला. असं घरात ठरलं होतं, म्हणजे सुभेदारांनी ठरवलं होतं. विकीला जायचं नव्हतं. आणि विकीशिवाय बँड म्हणजे दगडाशिवाय गिरणी. त्यामुळे जे काय करून दाखवायचं ते पेन्शनच्या आत!

*

सरावाला जागा कोण देणार? नंदूने माझी मागची खोली मागितली. तिथे पूर्वी मी मिरची कांडप चालवायची. मी म्हटलं, घ्या, पण शेजाऱ्यांची तक्रार आली तर चौघांनाही दाणे ओततात त्या हॉपरमध्ये घालीन.

नंदू म्हणाला, "आई, तुझी गिरणी चालू असते तेव्हा शेजाऱ्यांना स्वतःचा टीव्ही ऐकू येत नाही. आम्ही तेव्हाच वाजवू."

पोरगं माझंच, डोकं होतं. पण घोळ असा की गिऱ्हाइकांची गर्दी सकाळी, आणि ही कार्टी कॉलेजातून येणार दुपारी. दुपारी दळायला काही नसायचं.

"मग नुसती चालव ना!"

नुसती! दगडावर दगड रिकामा फिरला की ठिणग्या उडतात, टाकी मरते, आणि दुसऱ्या दिवशी लोकांच्या पोळीत कचकच लागते. टाकी म्हणजे दगडाच्या तोंडावर छिन्नीने पाडलेल्या रेघा. त्या मी स्वतः पाडते. पूर्वी मिस्त्री यायचा, दर वेळी दहा खेपा घालायला लावायचा आणि वर "ये औरतों का काम नहीं है" म्हणून ऐकवायचा. चार वेळा त्याचा हात नीट पाहिला, पाचव्यांदा छिन्नी विकत आणली आणि त्याला सांगितलं, आता येऊ नकोस. अशा दगडावर मी पोरांच्या हौसेपायी ठिणग्या उडू देईन?

नियम करून टाकला. दाणे आणा, गिरणी चालेल. दाणे संपले, गाणं संपलं!

तेव्हापासून चौघं घरून गहू घेऊन यायचे. डबा ओतायचा, मी दगड जुळवायचे, आणि मागे यांचा दणका सुरू. पहिल्या दिवशी विकीने तोंड उघडलं आणि भिंतीतली जुनी मिरची त्याच्या घशात गेली. पहिलं गाणं निव्वळ शिंकांचं झालं. सॅम म्हणतो, चांगलं झालं होतं!

हळूहळू त्यांची गाणीच वजनात बसायला लागली. छोटं गाणं चार किलोचं. नंदूचं लांबलचक गिटार असलेलं दहा किलोचं. विकीच्या गावाहून बाजरी आली की त्या दिवशी पळती गाणी, कारण बाजरी झटपट उतरते. पुढे एका कॉलेजच्या फेस्टिव्हलला आयोजक पोरीने फॉर्म भरताना हॅपीला विचारलं, "गाना कितने मिनट का है?"

हॅपी प्रामाणिक मुलगा. म्हणाला, "जी, दस किलो का."

*

या हॅपीने घरात कधी पाण्याचा पेला उचलला नव्हता. तो आता रोज खांद्यावर कनस्तर, म्हणजे गव्हाचा पत्र्याचा डबा, घेऊन निघायला लागला. त्याची आई आनंदाने वेडी व्हायची बाकी!

"भैनजी, हॅपी सुधर गया! रोज चक्की जाता है. कहता है, मम्मी, ताजा आटा खाया करो."

मनात म्हटलं, सुधारला म्हणतेय तर म्हणू दे.

काही आठवड्यांनी बाई परत आली, चेहरा उतरलेला. "भैनजी, घर में आटा ही आटा है. बाथरूम की बाल्टी में भी आटा. जो मेहमान आता है उसको थैली पकड़ा देते हैं, अब तो मेहमान भी नहीं आते." मग जवळ सरकून हळूच, "किसी डॉक्टर को दिखाऊँ?"

म्हटलं, "डॉक्टर रहने दो. उसको गेहूँ की जगह मकई पकड़ाओ. देर से पिसती है."

*

बँडला नाव कसं मिळालं ते ऐका.

आधी यांचं एक नाव होतं. त्यात रक्त होतं, कबर होती आणि आणखी असंच काहीबाही होतं. असलं नाव मी घरात घेऊ देत नव्हते. एका दुपारी दहा किलोचं गाणं रंगात आलेलं, आणि फट्! गिरणीचा पट्टा तुटला. दगड थांबले. पण मागच्या खोलीत त्या चौघांना पत्ताच नाही! आमच्या गल्लीने तो प्रकार त्या दिवशी पहिल्यांदा निव्वळ, भेसळ न करता ऐकला.

मी मागे धावणार तोच समोरचे शर्माजी बनियनवर दारात. "बहनजी! चक्की फौरन बंद करो!"

"बंद ही है, शर्माजी."

शर्माजींनी लोंबणाऱ्या पट्ट्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे पाहिलं. भिंतीपलीकडे विकी सुटलेला. "तो फिर ये क्या है?"

मला खोटं बोलायला आवडत नाही, पण बोलायचंच तर अडखळत बोलत नाही. "बेअरिंग जल गया है."

"इतनी बुरी तरह?"

"बिल्कुल."

"बहनजी, इसमें तो कोई आदमी फँसा हुआ लगता है!"

नेमकं तेव्हाच गाणं संपलं आणि आतून हॅपी ओरडला, "ओए, मजा आ गया!"

शर्माजींनी भिंतीला कान लावला. मग हळूच म्हणाले, "और उसको मजा भी आ रहा है?"

संध्याकाळी मी हे चौघांना सांगितलं. सॅम ताडकन उठला. झालं नाव. बर्न्ट बेअरिंग! आणि विकीला आमच्या गल्लीत सगळे आजतागायत बेअरिंगच म्हणतात. शर्माजीसुद्धा.

*

मी शाळेत चौथीपर्यंत गेले. इंग्रजी शिकले ती मोटरबरोबर आलेल्या माहितीपुस्तकातून आणि रद्दीत आलेल्या पेपरांतून, शेजारी डिक्शनरी ठेवून. म्हणून सॅमची गाणी मी वाचायला मागायची. तोही द्यायचा बिचारा.

वाचावं तर काय? कवट्या, कावळे, प्रेतं, काळोख, परत कवट्या!

"सॅम, मयत पाहिलंयस कधी?"

"नाही, काकू."

"कबरस्तान?"

"पाहिलंय. बसमधून."

"नवरा गेला तेव्हा नंदू माझ्या कडेवर होता. मला या कागदात कुठेच काही ओळखीचं दिसत नाही रे. माहीत आहे ते लिही की."

"माहीत काय आहे, काकू? सरकारी क्वार्टरमध्ये वाढलोय मी! तिथे काय घडतं?"

"जे घडत नाही ते लिही."

पोरगं रागावून गेलं. आठवड्याने गाणं घेऊन आलं. एक माणूस सकाळी डबा घेऊन ऑफिसला जातो, संध्याकाळी डबा घेऊन परत येतो, आणि मधल्या वेळात एक फाइल या टेबलावरून त्या टेबलावर जाते. वर्षानुवर्षं तीच फाइल! शेवटी माणूस रिटायर होतो आणि फाइल पहिल्या टेबलावर परत येते. विकी हे अशा आवाजात म्हणायचा, जणू ती फाइल त्याच्याच छातीवर ठेवली आहे.

साळवेसाहेबांनी ते टेपवर घेऊन ऑफिसात नेलं. जेवणाच्या सुट्टीत अख्ख्या सेक्शनने डबे उघडे ठेवून ऐकलं. कुणी घास घेईना. शेवटी हेडक्लार्क म्हणाले, "साळवेजी, लड़का यहाँ आता-जाता रहता है क्या?"

*

आता हे गिटारचं, यात थोडं समजून घ्यावं लागेल. रोज गिरणीबरोबर वाजवून वाजवून या पोरांनी आपली वाद्यं गिरणीच्या आवाजावरच लावून घेतली होती. घरघर हाच त्यांचा षड्ज! हिवाळ्यात ठीक असायचं. पण उन्हाळ्यात आमच्याकडे वीज इतकी कमी यायची की पंख्याची पाती मोजता यायची. मोटर दमायची, दगड हळू फिरायचे, घरघर खाली उतरायची. मग हेही तारा ढिल्या करून खाली उतरायचे. जूनमध्ये तर ती गाणी जमिनीखालून आल्यासारखी वाटायची.

अशाच एका उन्हाळ्यात मुंबईचा एक नावाजलेला बँड दिल्लीत आला होता. त्यांच्या आधी आमची पोरं वाजवून उतरली. मी विंगेत डबा घेऊन उभी. मुंबईचा गिटारवाला, केस माझ्यापेक्षा लांब, नंदूजवळ आला. एकदम हळू, आदराने विचारतो, "यार, तुम लोग इतना नीचे ट्यून करते हो. इसके पीछे सोच क्या है?"

नंदूने सांगितलं, "गर्मी में वोल्टेज नहीं आता."

तो मान हलवत राहिला. हलवत राहिला. त्याला वाटलं असणार, यात केवढं गहन काहीतरी आहे! "और सर्दियों में?"

"सर्दियों में हम थोड़ा खुश रहते हैं."

*

दिल्लीतल्या एका मराठी मंडळाच्या गणपतीला मोदकांची पिठी माझ्या गिरणीतून जायची. बँडच्या पहिल्या वर्षी मी सेक्रेटरीबाईंना म्हटलं, "पोरांना अर्धा तास द्या."

"अहो काकू, आपल्याकडे नाट्यसंगीत असतं."

"असू दे की. पिठीचं काय करताय मग यंदा?"

अर्धा तास मिळाला!

पहिल्या रांगेत प्रमुख पाहुणे देवधरसाहेब, रिटायर्ड अंडर सेक्रेटरी, कानाला मशीन. हॅपीने पहिला दणका दिला आणि देवधरसाहेबांनी शांतपणे कोटाच्या खिशात हात घालून मशीन बंद केलं. मग शेवटपर्यंत प्रसन्न चेहऱ्याने बसले. बाकीच्या रांगा गळत गेल्या, पोरंटोरं पुढे सरकत आली, पण साहेब जागचे हलले नाहीत. नंतर भाषणात म्हणाले, "आजच्या तरुणांत असा संयम दुर्मिळ आहे. एकही वावगा शब्द कानावर आला नाही!"

हसायला बरं आहे. पण त्याच दिवशी विकीच्या आईने सुभेदारांना बळेच ओढून आणलं होतं. ते मागे भिंतीला पाठ लावून, ताठ. विकीने पहिली आरोळी ठोकली आणि सुभेदार बाहेर गेले. मी मागोमाग. चपलांच्या ढिगाजवळ गाठलं.

"ताई," ते म्हणाले, "तुमच्या पोराचं ठीक हाय. त्यो वाजवतोय. माझं पोरगं का बोंबलतंय?"

"गातोय तो, सुभेदारसाहेब."

"मग कुठं दुखतंय त्याला?"

मला हसू आलं. त्यांना नाही आलं. चप्पल पायात सरकवत म्हणाले, "पेन्शनपतुर काय धुडगूस घालायचा त्यो घाला. पेन्शन झाली का म्या गावाला, आन त्यो माझ्यासंगं."

*

पेन्शनच्या आधीच्या थंडीत एक मोठी स्पर्धा होती. पहिल्या नंबरच्या बँडची कॅसेट निघणार होती. विकीच्या डोक्यात एकच, छापील कॅसेट हातावर ठेवली की बाप इथे राहू देईल. म्हणून दिवसाला तीन-तीन डबे दळण! आणि ऐन वेळी त्याचा घसा बसला. साधासुधा नाही, फुंकर सोडून काही निघेना. डॉक्टरांनी सांगितलं, तोंड बंद. गळ्यात पाटी अडकवून पोरगं माझ्यासमोर बसलं आणि पाटीवर लिहिलं, "संपलं."

"उठ," म्हटलं.

बसने थेट कँटोन्मेंट गाठलं. सुभेदार मैदानावर रंगरुटांना, म्हणजे नव्या भरतीच्या पोरांना, कवायत शिकवत होते. त्यांचं कामच ते. या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या रंगरुटाचा कोपर चुकला तर इथून ओरडायचे, आणि तिथला कोपर सरळ व्हायचा!

मी काही प्रस्तावना केली नाही. "सुभेदारसाहेब, किती वर्षं ओरडताय?"

"नोकरी लागल्यापासनं."

"घसा बसला कधी?"

"माझा?" त्यांना अपमानच वाटला. "का म्हणून बसंल?"

"मग तुमच्या पोराचा का बसला? घरात एवढा उस्ताद असून पोराला ओरडायची अक्कल नाही, लोक कुणाला हसतील?"

सुभेदारांनी कवायत थांबवली. मग विकीकडे वळले. त्याच्या पोटावर दोन बोटं टेकवली. "गळ्यानं वराडतोस व्हय रं? गळा म्हंजे दरवाजा. दरवाजाच बडवत बसला तर मोडंल न्हाई तर काय? आवाज हितनं निघतो, हितनं."

विकीने पाटीवर लिहिलं, "शिकवाल?"

"माझ्या मनाला पटलं न्हाई, आन पटायचं बी न्हाई," सुभेदार म्हणाले. "पण करायचं तर नीट करायचं. घसा बरा हू दे. मग उजाडायला मैदानात हजर."

घसा बरा झाल्यावर रोज धुक्यात मैदानाच्या या टोकाला बाप, त्या टोकाला लेक. बाप ओरडायचा, लेक तसंच परत ओरडायचा. नंतर तर लेकाने मेटलच सुरू केलं! एक कॅप्टनसाहेब जॉगिंग करता करता थबकले. "सुभेदारसाहब, ये क्या हो रहा है?"

"सर, लड़के को खाँसी थी."

कॅप्टनसाहेबांनी आणखी थोडं ऐकलं. "अभी है?"

*

स्पर्धेला सुभेदार आले, कोट घालून. "माझं काम बघाया आलोय, गाणं न्हाई," असं मला दोनदा सांगून शेजारी बसले.

हॉल कॉलेजच्या पोरांनी खच्चून भरलेला. बर्न्ट बेअरिंग स्टेजवर आले, आणि काय सांगू, विकीचा आवाज! तळघराचं दार उघडावं तसा आला. घशाची शीरसुद्धा ताणली नव्हती. मी सुभेदारांकडे पाहिलं. ओठ घट्ट मिटलेले, पण स्वतःच्या पोटावर हाताची दोन बोटं.

मग फाइलचं गाणं लागलं, आणि समोरची पोरं एकमेकांच्या अंगावर धडका द्यायला लागली. या संगीतात तसं करतात, प्रेमाने करतात. मला माहीत होतं. सुभेदारांना कुणी सांगितलं होतं?

"ताई, दंगा!"

"अहो, नाही, बसा..." मी कोट धरला. कोट हातातून गेला. सुभेदार खुर्चीवर चढले.

"परेड, सावधान!"

त्या एवढ्या मोठ्या स्पीकरांच्या वर गेला हो तो आवाज! अख्खा हॉल थिजला. धडका देणारे जागच्या जागी. हॅपीच्या काठ्या वर हवेत. आणि स्टेजवर विकी, टाचा जुळलेल्या, छाती पुढे, माईक पँटच्या शिवणीला चिकटवून, नजर समोर!

सुभेदारांनाच आधी कळलं काय झालं ते. ते खुर्चीवरून खाली उतरले, बसले, आणि मान खाली घातली. तशी विकीने थांबला होता तिथूनच आरोळी दिली, आणि हॉल असा फुटला की माझा चष्मा पडला! पोरांना वाटलं, सगळं आधीच बसवलेलं आहे.

पण परीक्षकांनी दुसरा नंबर दिला. कॅसेट गेली.

परत येताना सगळे एकाच बसमध्ये होतो. विकी खिडकीबाहेर बघत होता. इंडिया गेट मागे पडल्यावर सुभेदार म्हणाले, "त्यो सरदार डाव्या पायात कच्चा हाय. उजव्याच्या मागं पडतोय."

हॅपीचं तोंड उघडं राहिलं. कारण ड्रमला खाली पायाने वाजवायची दोन पेडलं असतात, आणि त्याचा डावा पाय मागे पडतो हे बँडमध्ये चौघांनाच माहीत होतं!

*

पेन्शन झाली. निघायचा दिवस उजाडला. कँटोन्मेंटमधलं सामान आदल्या दिवशीच स्टेशनवर गेलं होतं. विकी शेवटचा निरोप घ्यायला सकाळीच गिरणीत येऊन बसला. चौघंही होते. हॅपीने मकईचा डबा आणला होता, पण ओतायला कुणी उठेना. मी रिकाम्या गिरणीसमोर बसून दगडाला टाकी लावत होते, कारण हात चालू असले की तोंडाला काम पडत नाही.

तेवढ्यात दारात ऑटो थांबली. सुभेदार उतरले. अंगात साधा सदरा. वर्दी किंवा कोटाशिवाय मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. ऑटोवाल्याच्या मदतीने त्यांनी मागून एक ट्रंक काढली. फौजी माणसाची असते ती, काळी, पत्र्याची, वर पांढऱ्या रंगाने हुद्दा, नाव, युनिट लिहिलेली. ती आत आणून माझ्यासमोर ठेवली.

"ताई, ही हितं ऱ्हाऊ दे."

"गाडी किती वाजता?" मी विचारलं.

"दुपारची. मी आन त्याची आई."

विकी उठून उभा राहिला. ट्रंकेवर जुनी अक्षरं काळ्या रंगाने बुजवलेली होती, त्यातून सुभेदारांचा हुद्दा अजून पुसट दिसत होता. त्याच्यावर नवी अक्षरं, एकेक ओळ पट्टी लावून काढलेली, फौजेच्या पद्धतीने.

रिक्रूट विक्रम जाधव
बर्न्ट बेअरिंग
फरीदाबाद

विकीने वाकून हात पुढे केला.

"हात नगं लावू," सुभेदार दारातून म्हणाले. "रंग ओला हाय."

आणि ऑटोत जाऊन बसले.